मग पुढे?

कळव्यात आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात दोन माणसं बोलत उभी राहिली, की तिसरे गायकवाडकाका असणारच. हातात भाजीची पिशवी, मान जराशी तिरकी आणि एकच प्रश्न, "मग पुढे?" परवा मी फोनवर धाकट्या नणंदेला झापत होते. फोन ठेवला, तर काका दारात. "मग पुढे? ती काय म्हणाली?" असा संताप आला, म्हणून सांगू!

हेच काका गेल्या वर्षापर्यंत फक्त "हं" म्हणायचे. घराला आग लागली असती तरी "हं"च म्हणाले असते. बोलायचं खातं शालनकाकूंकडे होतं. काकू बिल्डिंगभरच्या बातम्या सांगायच्या, काका पेपरात तोंड घालून "हं" करायचे.

आणि एक दिवस काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. "घरात सतत बोलत राहा त्यांच्याशी, शब्द परत येऊ शकतात," असं डॉक्टर म्हणाले. काकांकडचे शब्द दुसऱ्याच दिवशी संपले. तेव्हापासून हा माणूस दारोदार बातम्या गोळा करत फिरतो.

त्यात सांगायची बोंब. काल काकूंना खीर द्यायला गेले, तर काका त्यांना माझंच प्रकरण रंगवून सांगत होते. "अगं शालन, हिची नणंद आहे ना, ती टँकरवाल्याशी भांडली. मग तो टँकरवाला सावंतांच्या मुलीला घेऊन पळाला..."

"अहो काका, काहीतरीच काय!" मी ओरडले. टँकरवाला आला होता सोसायटीच्या पाण्यासाठी, आणि सावंतांची मुलगी नोकरीला गेलीय पुण्याला. काकूंच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलायला लागले. काका आपले चालूच. "तर तो टँकरवाला..."

"गप!"

मी नाही म्हणाले. काकू म्हणाल्या.

काका थांबले. मग अनवाणीच जिन्यात पळाले. "अहो, ऐकलंत का? शालन मला गप म्हणाली! मला!" उभ्या आयुष्यात त्यांना असं सांगायची कुणावर वेळच आली नव्हती. मी खिरीची वाटी धरून रडत होते आणि हसतही होते.

सगळी दारं वाजवून काका परत आले, धापा टाकत काकूंच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग पुढे?"