अभ्र्यातले हात

धुर्पताबाई उशीच्या अभ्र्यात हात घालून विणायच्या. दोन्ही हात कोपरापर्यंत आत, लोकरीचे गुंडेही आत, आणि आत सारखं काहीतरी हलत असायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंनी मांजर धरून ठेवलं आहे.

"काहून पाहून राहिली वं?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. पुढे कळलं, हे त्या सगळ्यांनाच म्हणतात. दूधवाला बिचारा पातेल्याकडे बघत असायचा, त्यालाही "काहून पाहून राहिला गा?" व्हायचं.

मी नरखेडकडच्या खेड्यातली, आमच्या घरातली पहिली बी.ए. नागपुरात मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागले आणि प्रताप नगरात खोली शोधत धुर्पताबाईंच्या दारात आले. तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. बाईंनी जात, गाव, स्वयंपाक काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "क्रोशा येते काय?"

"नाही."

"मंग राहा."

पंचाईत अशी, की आदल्याच दिवशी मुलाखतीत शाळेच्या मोठ्या बाईंनी हाच प्रश्न विचारला होता, आणि नोकरीच्या आशेने मी "येतो" म्हणून बसले होते. खोली मिळाली ती विणता येत नाही म्हणून, नोकरी मिळाली ती विणता येतं म्हणून.

धुर्पताबाईंची खासियत होती बोंडाचं विणकाम. साध्या विणीवर कापसाच्या बोंडासारखे टपोरे उठाव, एक केशरी, एक हिरवं, एक पांढरं. गल्लीतल्या प्रत्येक रेडिओवर त्यांचं कव्हर होतं. पण रंग बदलताना आधीचा धागा कुठे जातो, हे कोणालाच उमगत नव्हतं. कव्हर उलटं करून पाहावं, तर मागे खाकी अस्तर शिवलेलं. समोरच्या बाईंनी एकदा ते उसवून पाहिलं. तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद.

शाळेत तपासणी जवळ आली. हस्तकलेत मुलींनी काही चांगलं करून दाखवलं तर मी कायम होणार होते, नाही तर परत गावी. मी धीर करून म्हटलं, "मावशी, मले शिकवा ना बोंडं."

अभ्र्यातली हालचाल थांबली. "काहून?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलून नोकरी मिळवली तेही सांगितलं.

"मी साहेबाच्या बंगल्यावर कामाले होती," त्या म्हणाल्या. "बाईसाहेब लोकरीची लडी माह्या हातावर ठेवे अन् माह्याकडे पाठ करून विणे. मले कोणी शिकवलं नाई, मास्तरीण. मी पाहून पाहून शिकली. म्हणून पाहणाऱ्याले बराबर वळखतो. जा, भाजी करपून राहिली तुही."

भाजी खरंच करपली होती.

नंतर तीनेक दिवसांनी मी अंगणातल्या नळावर कपडे धूत होते. बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. घरात एकट्या असल्या की त्या अभ्रा काढून, दाराकडे पाठ करून विणायच्या. त्यांच्या भिंतीवर एक आरसा होता, पण "आरसा चुगल्या करते" म्हणून त्याचं तोंड कायम भिंतीकडे. केस विंचरण्यापुरता तो सरळ व्हायचा. त्या दिवशी मात्र तो सरळच राहिला होता, थोडा पुढे कललेला, आणि नळावरून मला बाईंचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते.

मी तोच परकर चार वेळा धुतला.

दुसऱ्या दिवशीही आरसा तसाच. म्हातारपणी विसरल्या असतील, असं मला वाटलं. मला लाज वाटत होती आणि मी बघत होते. एकाच टाक्यात पाच अर्धे खांब, म्हणजे अर्धवट सोडलेले उंच टाके, घालून सुईवर सगळे एकदम आवळले, की बोंड फुगायचं. आणि तो हरवणारा धागा? तो मागच्या ओळीवर आडवा ठेवून त्या त्याच्यावरूनच विणत जायच्या. धागा टाक्यांच्या पोटात लपत होता.

फक्त एक गोष्ट विचित्र होती. आरशात सुई माझ्या उजव्या बाजूला दिसत होती. समोरच्या माणसाचा आपल्या उजव्या बाजूचा हात म्हणजे त्याचा डावा, हे मला कॉलेज शिकल्यामुळे पक्कं ठाऊक. बाई जेवतात उजव्या हाताने आणि विणतात डाव्या, म्हणजे खरी मेख इथेच असणार. मी सुई डाव्या हातात घेतली. पहिला आठवडा बोटं वळेनात. मग जमलं. वर्गातल्या मुलींनाही मी तसंच शिकवलं आणि बजावलं, "हात बदलला की बोंड बसत नाही."

तपासणीच्या बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. तीस मुली मान खाली घालून डाव्या हाताने विणत होत्या.

"या गावच्या सगळ्या मुली डावखुऱ्या आहेत का हो?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं. मग एक तुकडा उलटसुलट पाहिला, मागे एकही धागा लोंबत नव्हता, आणि त्यांनी शेरा चांगला लिहिला.

कायम झाल्याचं पत्र आलं तशी मी पेढे घेऊन धुर्पताबाईंकडे गेले. चोरी पोटात राहीना. तीस डावखुऱ्या मुलींची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "मावशी, मी आरशातून तुमचे हात पाहिले. माझं चुकलं. खोली सोडा म्हणाल तर सोडतो."

बाई रागावल्या नाहीत. पेढा हातात धरून विचारात पडल्या.

"घ्या," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "आरसा उलटं दाखवते, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी भिंतीकडे पाहिलं. आरशाचा वरचा काठ पुढे कलावा म्हणून त्याच्यामागे खाकी अस्तराच्या कापडाची घडी खोचलेली होती.

"अन् एवढ्या हळू मी कधी विणत असतो काय?" त्या म्हणाल्या. "मान आखडली होती माही."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, सतरंजीवर सरकून जागा केली आणि मला शेजारी बसवलं. सुई माझ्या उजव्या हातात दिली. मग अभ्रा बाजूला ठेवून स्वतःचे हात माझ्यापुढे धरले. सुरकुतलेले, सुईने घट्टे पडलेले हात. ते मी जवळून कधी पाहिलेच नव्हते. माझी मान खाली गेली ती वर होईना.

"आता काहून नाई पाहून राहिली वं?" धुर्पताबाई म्हणाल्या.