करवंट्यांचे तात्या

आळीत नारळ फुटला की शेजारचे तात्या दारात हजर. खोबरं पुढं केलं तर घ्यायचे नाहीत. "करवंटी तेवढी टाकू नका," म्हणायचे. आंब्याच्या कोयी, भाताचा तूस, तेही पोत्यानं न्यायचे. मी नवी सून, पुरुषमाणसापुढं बोलायची नाही. करवंट्या गडग्यावर ठेवून आत पळायची.

तात्या भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, नुकतेच पेन्शनीत निघालेले. पत्र्याच्या डब्यात करवंट्या कोंबून, झाकण मातीनं लिंपून ते डबा जाळात ठेवत. वारा लागला तर राख व्हायची. कोळसा लाल झाला की त्यातून किटलीची वाफ सोडायची. "वाफेनं त्याच्या अंगाला बारीक भोकं पडतात. गडी भुकेला होतो! आता रंग खाईल, वास खाईल."

नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमचं कोकमाचं सरबत तात्यांनी हौसेनं त्या कोळशातून गाळलं. वरून लालभडक ओतलं, खाली नुसतं पाणी!

"तात्या, सरबत कुठं गेलं?" मामंजी ओरडले.

"कोळसा प्याला!"

"मग पोरगीबी त्यालाच द्या," सासूबाई आतून म्हणाल्या.

ही सगळी खटपट कशासाठी, ते मला तात्यांची बायको, आमच्या काकी, अंथरुणाला खिळल्यावर कळलं. काकी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या. दुखणं जुनंच; त्यात त्यांना विहिरीच्या पाण्याचा उमासा यायचा. आता घोटभरसुद्धा पोटात ठरेना, जीभ कोरडी पडलेली. माहेरच्या झऱ्याचं पाणी मागायच्या. मी पेज घेऊन गेले होते, तेव्हा तात्यांनी गाळलेलं पाणी दिलं. काकींनी एक घोट घेऊन तांब्या सारला.

"चांगलं हाय. पन ह्यात कायच न्हाई. आमच्या झऱ्याला जांभळाच्या पाल्याचा वास यायचा."

तात्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात येऊन म्हणाले, "पोरी, मी येईपर्यंत हिच्यापाशी बसशील?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

तिसऱ्या दिवशी परतले ते लंगडतच. हातात ओल्या फडक्यात बांधलेली जांभळाची पानं, झऱ्यावरची.

"पाणी आणलं असतं तर दोन दिवसांत संपलं असतं. ही वाळवून ठेवू," मला म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाणी गाळलं, तांब्यात पानं टाकली आणि वर वाटी पालथी घातली. घटकाभरानं काकींनी वास घेतला. मग तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"अजून हाय का वो?"

"जाळातला डबा बघून येतो," म्हणत तात्या तोंड फिरवून घाईनं परसात गेले. त्या दिवशी त्यांनी जाळ पेटवलाच नव्हता.