बार्सिलोनाचा पिवळा भात

"बार्सिलोना मले गोळीबार चौकासारखं पाठ हाय," जागेश्वर म्हणाला आणि त्याच चौकातल्या पानठेल्यावरचे सगळे विणकर त्याच्याकडे वळले.

लंडनच्या प्रदर्शनात हातमाग चालवून दाखवायला विणकर सोसायटीनं त्याला छप्पन्न साली पाठवलं होतं. परतीची बोट स्पेनात बार्सिलोनाला एक दिवस थांबली. त्या एका दिवसावर तो तीन महिने बोलत होता. तिथे एक चर्च सत्तर वर्षं बांधतायत, अजून पुरं नाही. लोक दुपारी तीनला जेवतात आणि गोगलगायी आवडीनं खातात. गोगलगायीला मसाला कोणता, हे पानठेलेवाला भैयाजी रोज विचारी.

त्यांच्यातल्याच चंद्रभान विणकराला मात्र यातलं काहीच खरं वाटत नसे. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या प्रदर्शनाला जागेश्वरसारखंच त्यालाही जायचं होतं, आणि माणूस निवडणार होते सोसायटीचे अध्यक्ष चंपतराव.

"तू बोटीतून उतरलाच नसशीन," चंद्रभान एक दिवस जागेश्वरला म्हणाला. "खाल्लं असन तं रांधून दाखव."

चंपतरावांना हे पटलं. रविवारी सकाळी, त्यांच्याच अंगणात. जमलं तर दिल्ली जागेश्वरची.

जागेश्वरनं तिथे पिवळा भात खाल्ला होता, उथळ कढईतला, झिंगे घातलेला. त्यानं हलवायाची जिलबीची कढई आणली, इतवारीच्या बाजारातून सुके झिंगे आणले. केशराच्या जागी हळद पडली.

"हा भात ढवळाचा नसते," त्यानं सगळ्यांना बजावलं. "ढवळला का बिघडला. तेच तं तिथलं कसब हाय."

मग प्रश्न सुरू झाले. चर्चचा ठेकेदार कोण, तिथल्या बाया काय नेसतात, गोगलगाय पळून नाही जात का. जागेश्वर रंगात आला. त्याच्या हातात पळी होती, आणि त्या हातानं वीस वर्षं सुताला लावायची तांदळाची खळ शिजवली होती. भांड्यात तांदूळ दिसला की तो हात आपोआप फिरायचा.

"ढवळून राहिले ना तुमी," त्याची बायको रुख्माबाई म्हणाली.

"कुठं वं?" जागेश्वर म्हणाला आणि ढवळत राहिला.

अर्ध्या तासानं कढईत भात असा उरलाच नव्हता. चंपतरावांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून पाहिलं. बाकीच्यांनीही तसंच केलं. चाखलं कोणीच नाही.

"अशी खळ मी जन्मात पाहिली नाही गा," चंपतराव म्हणाले.

त्यांनी विणायला घेतलेल्या लग्नाच्या पातळाचा ताणा, उभ्या सुताचा लांब पट्टा, बाहेर गल्लीत पसरलेलाच होता. झिंगे वेचून काढले, कुंच्यानं खळ लावली. सूत ताठ झालं, वर सोन्यासारखी झाक आली.

"दिल्लीले हाच जाईन," चंपतरावांनी जाहीर केलं. "पण तिथं कोणाले खायले देऊ नोको."

ताणा उन्हात वाळत ठेवून सगळे जागेश्वरच्या पैशानं चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा ताण्यावर नऊ मांजरी होत्या आणि त्या झिंग्याच्या वासाचं सूत चाटत होत्या. हाकलल्यावर त्या सुतातूनच पळाल्या. दोन दिवस तुटलेले धागे जोडणं चाललं होतं. दिल्लीला चंद्रभान गेला.