कानातून तोंडात

“फलाट क्रमांक चारवरची गाडी थोड्याच वेळात सुटेल. ताई, आईंना अजून आठवडाभर तुमच्याकडेच ठेवून घ्या, माझ्याकडे पाहुणे आलेत अशी थाप मारा, त्यांच्या कुरकुरीनं माझं डोकं उठतं. प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं.”

भोंग्यातून हे सगळं एका दमात गेलं. सगळं बसस्थानक खो खो हसलं.

घोषणा करणाऱ्या बाईंना दिसत नसे. गाड्यांचे बदल त्यांच्या फोनवर येत, फोन ते कानात वाचून दाखवी आणि बाई जसंच्या तसं माइकवर म्हणत. इतक्या वर्षांत कानातून तोंडात अशी थेट वाटच पडली होती. मध्ये डोकं लागत नसे. त्या वाटेनं आज गाडीच्या मागोमाग धाकट्या जाऊबाईंचा निरोपही निघून गेला.

निरोपातल्या आई, म्हणजे बाईंच्या सासूबाई, धाकटीकडेच निघाल्या होत्या. त्याच गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. त्या ताडकन उतरल्या. त्यांची ट्रंक टपावर, म्हणून कंडक्टर वर चढला. ट्रंक सगळ्यात खाली, म्हणून बाकीचं सामान उतरलं. सामान उतरलं, म्हणून त्याचे मालकही उतरले. ही गाडी अडली तशी तिच्या मागची अडली आणि सगळे ड्रायव्हर जीव खाऊन हॉर्न वाजवू लागले.

स्थानकप्रमुख तणतणत घोषणेच्या खोलीत शिरले. “बाई, हे स्थानक आहे की तुमचं स्वयंपाकघर?”

“साहेब, सगळंच कानात ओतलं तर घोटाळा होणारच! ती पट्टी घ्या, पट्टी घ्या, म्हणून घसा कोरडा केला मी.”

पट्टी म्हणजे ब्रेल डिस्प्ले. फोनला जोडली की तिच्यावर बारीक ठिपके उठतात. ते बोटानं वाचायचे. कळ दाबली की ते खाली बसतात आणि पुढचा मजकूर उठतो. विक्रेत्यानं एक पट्टी वापरून बघायला दिली होती, पण खराब होईल म्हणून साहेबांनी ती कपाटात कुलपात ठेवली होती.

“मी स्वतः तपासली ती. डोळे मिटून बोट फिरवलं. नुसती खरखर! काडीचा उपयोग नाही.”

“तुम्हाला कशी कळेल? उद्या मी तुमची फाईल चाटली आणि चव नाही म्हणून फेकून दिली तर?”

“तेवढ्या पैशात रेकॉर्ड केलेला आवाज येतो, बाई. त्याला सासू नसते!” साहेब दार आपटून गेले.

बाई संतापल्या. ही खुर्ची त्यांनी घरात आणि बाहेर सगळ्यांशी भांडून मिळवली होती. तेवढ्यात सासूबाई येऊन थडकल्या.

“मला थाप मारणार होतीस?”

“कुठं मारली, आई? सगळ्या स्थानकाला खरंच सांगितलं की!”

एवढ्यात फोन पुन्हा कानात बोलू लागला. वरच्या साहेबांसाठी लिहिलेला निरोप स्थानकप्रमुखांनी रागाच्या भरात चुकून गाड्यांच्या बदलांच्या ग्रुपवर टाकला होता. बाईंचा हात सवयीनं माइककडे गेला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पट्टी निरुपयोगी आहे असा शेरा मी देतो. बाईंना पुढच्या महिन्यात घरी बसवू...”

इथं बाईंना कळलं, आपण काय बोलतोय ते. त्या थांबल्या. मग दातओठ खात त्यांनी उरलेलंही म्हटलं. “तोपर्यंत त्यांना गोड बोलून झुलवत ठेवतो.” आणि रद्द झालेली गाडी सांगतात तसं सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

“घरी बसवणार?” सासूबाई कडाडल्या. “हिला? दिवसभर माझ्यासमोर? मग मी जाऊ कुठं? धाकटीकडे तर पाहुणे आहेत!”

त्यांनी हमालाकडून ट्रंक साहेबांच्या दारात आडवी टाकवली आणि वर बसल्या. उतरलेले प्रवासी होतेच, तेही भोवती जमले. साहेबांना ना बाहेर पडता येईना, ना कुणाला आत जाता येईना. शेवटी कपाट उघडलं आणि खरेदीच्या कागदावर सही झाली.

आता घोषणा स्वच्छ जातात. चहावाला म्हणतो, मजा गेली. सासूबाई मात्र रोज घोषणेच्या खोलीत येऊन बसतात.

“काय आलं गं?”

“दोनची गाडी उशिरा येतेय, आई.”

“मग हसलीस कशाला?”

बाईंनी हळूच कळ दाबली. ठिपके बसले, दुसरे उठले. सासूबाईंनी चष्मा चढवला, पट्टीवर बोट दाबून दाबून फिरवलं आणि त्या भडकल्या.

“नुसती खरखर! एवढे पैसे घालवले, काडीचा उपयोग नाही. तो साहेब बरोबर सांगत होता!”