चौतीस कप्प्यांची पिशवी

सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसायचा नाही. एका सायकल मिस्त्रीला हत्यारं न्यायला पिशवी निवडायची होती आणि त्या निवडीला सात महिने लागले. सात महिने! तेवढ्यात माणसं लग्न ठरवतात, करतात आणि भांडून माहेरी जाऊन परतही येतात. बरं, जायचं कुठे होतं? डोंगरापलीकडच्या गावाला, चाळीस किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो.

शिंप्या, तुझ्याच दुकानात बसून सांगतोय, तेव्हा काजं करता करता ऐक, साक्षीला तुलाच धरणार आहे. आणि पोस्टमनसाहेब, तुम्हीही टेका जरा बाकावर. गोष्टीतलं पत्र तुम्हीच तर आणलं होतं.

"आणलं होतं," पोस्टमन म्हणाला. "निळ्या शाईचं."

ऐकलंत? आता पुढचं.

पत्र होतं भूगोलाच्या बाईंचं. बाई इथल्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि डोंगरापलीकडे भावाच्या शेजारी राहायला गेल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. पत्रात मोजून पाच ओळी. सायकल चढावर टकटक आवाज करते. इथले लोक म्हणतात, नवी घ्या. मला हीच हवी आहे. कधी या बाजूला आलात तर बघाल का? घाई नाही.

मिस्त्रीने ते पत्र इतक्या वेळा वाचलं, इतक्या वेळा शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं की त्या ओळीतला 'नाही' पुसून गेला. आता तिथे नुसतं 'घाई' उरलंय. खोटं वाटत असेल तर पत्र बघा, त्याच्या सदऱ्याच्या खिशात असतं.

आता इथे एक गुपित सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाई इथे होत्या तेव्हा अकरा वर्षं दर शनिवारी शाळा सुटली की दुकानात यायच्या. "मिस्त्री, जरा बघता का? कसलासा आवाज येतोय." मिस्त्री सायकल उलटी करायचा, नट शोधायचा, आवळायचा. तोवर बाई स्टुलावर बसून बोलायच्या. कुठली नदी उलटी वाहते, कुठल्या वाळवंटात सकाळी दव पडतं, कुठल्या समुद्रात माणूस बुडत नाही. मिस्त्रीचं जग दुकानापासून घरापर्यंत, पण त्याला वाऱ्यांची नावं पाठ. आणि सायकल परत देताना तो कुठला तरी एक नट अर्धा आटा, म्हणजे अर्धा वेढा, ढिला सोडायचा. मडगार्डचा, चेनकव्हरचा, घंटीचा, स्टँडचा. ब्रेकला आणि चाकाला कधी हात लावला नाही हं, तेवढं इमान राखून होता. अर्धा आटा बरोबर सहा दिवस टिकतो. सातव्या दिवशी आवाज सुरू.

"ही तर फसवणूक झाली," पोस्टमन म्हणाला.

अहो पोस्टमनसाहेब, फसवणूक कसली? घड्याळाला किल्ली नाही देत आपण?

तर पत्र वाचलं आणि मिस्त्रीच्या डोक्यात पहिला विचार आला तो एकच. शेवटच्या शनिवारचा नट! तो तसाच ढिला राहिला असणार. मडगार्डचा असेल, तर दोन वर्षं मडगार्ड टायरला घासत असणार. टायर घासला म्हणजे ट्यूब गेली. ट्यूब गेलेली सायकल ढकलली म्हणजे रिम गेली. रिम वाकडी झाली की तारा तुटणार, तारा तुटल्या की एक्सलवर ताण. कुठला नट होता, ते काही केल्या आठवेना. मग न्यायचं काय? सगळंच.

"सगळं म्हणजे?" अक्काने विचारलं. अक्का म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. घर तीच चालवते, आणि मिस्त्रीलाही.

"सगळं म्हणजे पाने, पक्कड, कानस, हातोडी, पंप, पंक्चरचं सामान, बेअरिंगचे छर्रे, ग्रीस."

"दुकानाचं शटरही काढून ने. वाटेत ऊन लागलं तर डोक्यावर धरता येईल."

पहिल्यांदा मिस्त्रीने पत्र्याची पेटी घेतली. कॅरियरला बांधली आणि सराव म्हणून नाक्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. पेटीत हत्यारं अशी खडखडली की गल्लीतल्या बायकांना वाटलं, भंगारवाला आला. एकीने किटली आणून ठेवली, दुसरीने फुटका स्टोव्ह, तिसरीने तर पाळणा. मिस्त्री "अहो, मी तो नव्हे" म्हणेपर्यंत त्या दारं लावून आत गेल्याही. निघताना होतं त्याच्या दुप्पट ओझं घेऊन तो घरी आला.

"लवकर आलास," अक्का म्हणाली. "बाईंची सायकल दुरुस्त झाली का? आणि हा पाळणा कुणाचा? मला काही सांगायचं राहिलंय का?"

पेटी बाद झाली. मग खांद्याला लावायची कापडी थैली. थैलीत आवाज नाही, पण सगळं वजन डाव्या अंगाला. त्यामुळे सायकल डावीकडे ओढायची. मिस्त्री सकाळी डोंगराच्या दिशेने निघाला, सायकल हळूहळू डावीकडे वळत गेली, वळत गेली आणि अर्ध्या तासाने तो आपल्याच दारात. पुन्हा निघाला, पुन्हा दारात. त्या दिवशी तो चार वेळा गाव सोडून गेला आणि चारही वेळा घरी पोचला. चौथ्या वेळी अक्काने ताट वाढूनच ठेवलं होतं.

"थैली उजव्या खांद्याला लाव की," ती म्हणाली.

"मग उजवीकडे फिरेल."

"फिरू दे. निदान दुसऱ्या बाजूचं गाव तरी बघशील."

मिस्त्री हसला नाही. पलंगावर बसून त्याने थैलीतलं एकेक हत्यार काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. अक्का दारातून बघत होती. मग तिने ताट पलंगापाशीच आणून ठेवलं.

तिसऱ्यांदा त्याने डोकं लढवलं. तेलाचे दोन मोठे डबे आणले, तोंडं कापली, कड्या लावल्या आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंना नटांनी घट्ट आवळले. डावीकडे जेवढं वजन, तेवढंच उजवीकडे. वर झाकणं, झाकणांना पट्ट्या, पट्ट्यांना नट. सायकल सरळ चालली. आनंदाने त्याने घंटी वाजवली. गाव संपलं, चढ लागला आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. घोडा दोन पायांवर उभा राहतो ना, तशी सायकल उभी राहिली. मिस्त्री हँडलला लोंबकळत आकाशाकडे बघतोय! तेवढ्यात कॅरियरचा बोल्ट तुटला आणि सगळं खाली आलं.

बरं, बोल्ट तुटला तर काय झालं? मिस्त्री होता तो, हत्यारं होती. फक्त ती डब्यात होती. डब्याचं झाकण उघडायला पट्टीचा नट काढायचा, त्याला दहाचा पाना हवा. दहाचा पाना कुठे? डब्यात. रस्त्याने जाणारे सायकलवाले थांबून विचारायचे, "काका, पाना हवाय का?" आणि हा म्हणायचा, "नको नको, आहेत माझ्याकडे, चाळीस आहेत." संध्याकाळी सायकल ढकलत घरी आला.

"आता हत्यारांपर्यंत पोचायला वेगळी हत्यारं न्यायला हवीत," तो म्हणाला.

"आणि ती कशात नेणार?"

"तोच विचार करतोय."

"बसने जा," अक्का म्हणाली. "एक पिशवी मांडीवर घे, दीड तासात पोचशील."

"सायकल मिस्त्रीने बसने जायचं? बाई काय म्हणतील?"

"म्हणतील, आलात का. दुसरं काय म्हणणार?"

यावर मिस्त्री पुन्हा पाने मोजायला बसला. खरं सांगायचं तर तो तेच ऐकायला घाबरत होता. बाई 'आलात का' म्हणाल्या, सायकल दुरुस्त झाली, पाणी पिऊन झालं, मग? दुकानात नट आवळता आवळता बोलायला अकरा वर्षं पुरली होती. नट संपल्यावर काय बोलायचं, हे त्याला कुठल्या शनिवारी शिकायला मिळालं नव्हतं. पिशवी सापडत नव्हती तोवर एक बरं होतं. तोवर तो रोज निघणार होता.

असे सहा महिने गेले. मग तो शिंप्याकडे आला. शिंप्या, पुढचं चुकलं तर बोल.

"बोलेन," शिंपी दोरा दातांनी तोडत म्हणाला.

मिस्त्रीला हवी होती जाड कापडाची गुंडाळी. प्रत्येक हत्याराला मापाचा कप्पा, म्हणजे खडखडाट नाही. गुंडाळून सीटखाली बांधायची, म्हणजे डावं-उजवं नाही. बक्कल हाताने निघणारं, म्हणजे पाना डब्यात अडकायला नको. फार हुशारीची वस्तू. शिंप्याने वीस कप्पे आखले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणखी तीन हत्यारं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी पाच. चौतीस कप्पे झाले तेव्हा गुंडाळी उलगडली तर दुकानाच्या बाहेर जायची. एकदा रस्त्यावरून जाणारी गाय तिच्यावरून चालत आली आणि थेट शिलाई मशीनपाशी पोचली.

"गाय नव्हती, शेळी होती," शिंपी म्हणाला.

असेल. शेवटी शिंप्याने कात्री खाली ठेवली. "बाबा रे, सायकलला झालंय तरी काय?"

मिस्त्रीने खूप आढेवेढे घेतले आणि मग अकरा वर्षांचं गुपित सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणजे एक नट ढिला आहे," शिंपी म्हणाला. "मग एक पाना पुरे."

"कुठला नट ते आठवत नाही ना!"

"अकरा वर्षं दर शनिवारी नेमाने ढिला करत होतास, आणि शेवटचा आठवत नाही? बस इथे. डोळे मीट. त्या दिवशी बाई आल्या. पुढे?"

मिस्त्रीने डोळे मिटले. त्या दिवशी बाईंनी नदीची, वाऱ्याची एकही गोष्ट सांगितली नव्हती. नुसत्या बसल्या होत्या. त्याने पाना हातात घेतला, नेहमीसारखा अर्धा आटा मागे फिरवायला गेला आणि त्याच्या मनात आलं की या आता लांब जाणार. वाटेत आवाज आला तर बघणार कोण? आणि त्याने एकूण एक नट आवळला. घंटीचासुद्धा. आवळून झाल्यावर पुन्हा एकदा आवळला. त्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आला होता.

"काहीच ढिलं नव्हतं रे," मिस्त्री डोळे उघडून म्हणाला. "मी आवळलेला नट दोन वर्षांत काय, दहा वर्षांत हलायचा नाही."

"मग ढिला कुणी केला?" शिंप्याने विचारलं.

घरात पाना असला की कुणालाही नट फिरवता येतो. अकरा वर्षं समोर बसून बघितलं असेल तर किती फिरवायचा, तेही कळतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं असावं, कारण मिस्त्रीचे कान लाल झाले आणि शिंपी उगाचच मशीनला तेल घालू लागला.

मग शिंप्याने चौतीस कप्प्यांची गुंडाळी उसवली आणि तिच्यातल्या एका तुकड्याची तळहाताएवढी पिशवी शिवली. एक कप्पा, एक बटण. आत एक पाना, बस.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्रीने ती पिशवी सीटखाली अडकवली आणि निघाला. चढावर एकदाही उतरला नाही. माथ्यावर पोचला तेव्हा वारा पाठीमागून होता, त्या वाऱ्याचं नावही त्याला येत होतं. बाराच्या सुमाराला तो बाईंच्या फाटकाशी उभा. बाई अंगणात होत्या, केस पूर्वीपेक्षा पांढरे. सायकल भिंतीला टेकवलेली. त्या 'आलात का' म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "मिस्त्री, जरा बघता का? कसलासा आवाज येतोय." मिस्त्रीने पिशवीचं बटण काढलं, बाईंनी स्टूल ओढलं आणि...

"हे मात्र खोटं," शिंपी म्हणाला.

"एवढंच खोटं?" पोस्टमन बाकावरून उठलाच. "आणि तो पाळणा? ती दोन पायांवर उभी राहिलेली सायकल? ते सगळं चाललं तुम्हाला?"

"ते असू दे." शिंप्याने काजाची सुई कापडात खोचली आणि कापड मांडीवर ठेवलं. "ती एका कप्प्याची पिशवी गेल्या गुरुवारपासून इथे, माझ्या दुकानात, या खुंटीवर टांगलेली आहे. कधी नेतोयस, मिस्त्री?"