डाव्या बाजूचे एकमेव

गेवराईच्या कलीम मेकॅनिकने 'महाबली' पंपांची डीलरशिप घेतली तेव्हा मोटार वायंडिंगचा चालता धंदा बंद केला. अटच होती तशी: अधिकृत विक्रेत्याचे हात काळे असू नयेत. दुकानावर पाटी चढली, 'तालुक्यातील एकमेव अधिकृत विक्रेते'.

वर्ष भरतं न भरतं तोच समोर सोमेश्वरचं दुकान उघडलं. पाटी तीच. अक्षरं जरा मोठी.

"सोमेश्वरराव, हे काय हाय?"

"मला कावून इचारता कलीमभाई? कंपनीनं मला बी एकमेवच केलंय," म्हणत त्याने पेढा पुढे केला.

कलीमने विभागीय अधिकाऱ्यांना फोन लावला. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "गैरसमज होतोय. तुम्ही रस्त्याच्या डाव्या बाजूचे एकमेव आहात. उजवी बाजू करारात आहे कुठे?"

कलीमने रस्त्याचा वाद सोडून दिला. पुढच्याच महिन्यात त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, तिसरा विक्रेता आला. 'आपला एकमेवपणा तळमजल्यापुरता अबाधित आहे,' असं कंपनीने कळवलं.

मग त्याची बायको शाईस्ता भडकली. "उद्या म्हणतील, खुर्चीपुरते तुमी एकमेव! लवादाकडं जावा."

लवाद नेमण्याचा हक्क करारानुसार कंपनीचा. कंपनीने आपलेच निवृत्त विक्रीप्रमुख नेमले. जन्मभर कंपनीत राहून त्यांना निःपक्षपातीपणाची सवय झाली होती. सुनावणी पुण्यात, कंपनीच्याच विश्रामगृहात झाली. लवादांनी कलीमला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गेवराईत आणखी दोन विक्रेते आहेत?"

"हायेत ना साहेब! तेच तर सांगायलोय."

"मग तुम्ही एकमेव नाही."

"न्हाई राहिलो, साहेब."

"नोंद घ्या," लवाद कारकुनाला म्हणाले. "कंपनीचा करार एकमेव विक्रेत्याशी आहे. अर्जदार एकमेव नसल्याचं स्वतःच कबूल करतात. सबब, त्यांच्याशी कंपनीचा करार नाही."

परतीच्या एस.टी.त कलीमने त्या बोलण्यात चूक शोधून पाहिली. सापडेना. तेच त्याला जास्त लागलं.

पाटी उतरवायला कंपनीची माणसं आली तेव्हा त्यानेच शिडी धरली. दारात निम्मी गेवराई जमली होती. "लई वाईट झालं," जो तो म्हणत होता. "ह्या कंपन्यांना कुणी इचारणारंच न्हाई." पोटभर हळहळून झाल्यावर गर्दीतला रामप्रसाद सावकाश म्हणाला, "आता राहिलेले पंप भाव पाडून देता का?"

"न्हाई," कलीम म्हणाला.

तशी गर्दी रस्ता ओलांडून सोमेश्वरकडे गेली. त्याच्याकडे सवलत चालू होती.

वाचकहो, चीड आली ना? येणारच. पण खरं सांगा, सवलत किती टक्के होती, हे विचारायचं तुमच्याही जिभेवर आलं की नाही?