कोरसमधले देवाजी

आवाज वाढवणारा नवा डबा जोडून प्रेमानंदने हेडफोन कानाला लावला, तेव्हा सगळ्यात आधी ऐकू आली ती घूं. गाणं नंतर आलं. बारीक, अखंड, दम न घेणारी घूं, आणि तिच्यामागे कुठेतरी दाराआड उभं राहिल्यासारखं गाणं.

"आला का आवाज?" त्याच्या बायकोने, मायाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आला. पण घूं येऊन राहिली."

"जुन्या डब्यात येत होती?"

"नाही."

"मंग बदलला काहून?"

या प्रश्नाचं उत्तर मायाला चांगलं ठाऊक होतं. प्रेमानंदचे वडील देवाजी, हेच ते उत्तर. देवाजी जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांचे फोटो घरात ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. खिशात मोबाइल घेऊन घरभर हिंडणाऱ्या एकालाही ते असताना दोन वाक्यं भरून ठेवायची बुद्धी झाली नाही, आणि यात प्रेमानंदचा नंबर पहिला होता. ही गोष्ट त्याला जेवताना, बसमध्ये, कुठेही आठवे.

राहिली होती ती फक्त एक कॅसेट. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या जुन्या घरी भीमगीतांच्या पार्टीने बसून भरलेली. "आपन पार्टीत होतो," हे देवाजी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगत आले. मुख्य गाणारा कोणी दुसरा होता, म्हणजे देवाजी कोरसमध्ये असणार हे उघड होतं. प्रेमानंदने कॅसेट कम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्या कोरसमधून वडिलांना वेगळं काढण्याच्या नादी लागला. सगळे गडी एका सुरात ओरडत होते. एक दिवस त्याला वाटे, हा जाडा आवाज बाबांचा. दुसऱ्या दिवशी वाटे, छे, तो मागचा किनरा आवाज बाबांचा. एकदा तर त्याने अख्खा आठवडा एका आवाजावर जीव लावला आणि मग कळलं की ती बाई आहे.

बुटीबोरीला कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा धम्मदीप या विषयातला जाणकार होता, म्हणजे रोज त्यावरचे व्हिडिओ पाहत होता. "तुह्या डब्यात दमच नाही बे," तो म्हणाला. "हेडफोन एवढा भारी, अन् त्याले ताकद देनारा डबा असा मरतुकडा. चांगला ट्रान्झिस्टरवाला अ‍ॅम्प्लिफायर घे. कोरसमंदला एकेक मानूस येगळा उभा करते तो."

एकेक माणूस वेगळा उभा करते, हे शब्द प्रेमानंदच्या काळजात बसले. मायाने वर्षभर जपलेला नव्या फ्रिजचा विचार पुढच्या दिवाळीवर गेला आणि घरात साबणदाणीपेक्षा थोडा मोठा असा काळा डबा आला. येत्या रविवारी देवाजींच्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. "आई, आयतवारी तुले बाबाचा आवाज आयकवतो," असं त्याने सांगून टाकलं होतं. त्याची आई इंदूबाई कूलरसमोर एक पाय पसरून बसल्या होत्या. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा पायही वाऱ्यात घेतला.

आणि आता ही घूं. प्रेमानंदने धम्मदीपला फोन लावला.

"कूलर चालू आहे का घरी?" धम्मदीपने विचारलं.

"मे महिना आहे बे. कोनाच्या घरी बंद आहे?"

"मंग त्याच्या मोटरची घूं आहे ते. लाइनमधून डब्यात घुसून राहिली. चांगला डबा सगळंच आयकवते, भौ. बंद करून पाह्य."

नागपुरात मे महिन्यात भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. प्रेमानंदने बटन दाबलं. इंदूबाईंनी डोळे उघडले, मुलाकडे पाहिलं आणि त्या उठून न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाट टाकून बसल्या. माया कपाळाचा घाम पुसत बाहेर आली.

"गेली का घूं?"

प्रेमानंदने हेडफोन कानावर दाबून धरला. "नाही गेली."

"दुसरं एखादं गानं लावून पाहा ना."

"दुसऱ्या गान्यासाठी आनला का डबा? याच्यासाठी आनला."

हे उत्तर त्याला त्या वेळी बिनतोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये धम्मदीपने रोगाचं नवं नाव सांगितलं. अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन वाळून दगड होते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि घूंला जायला जागा राहत नाही. खड्ड्यात मीठ आणि पाणी टाकायचं, बस. यात खोटं काही नव्हतं. विदर्भात उन्हाळ्यात लोक अर्थिंगला पाणी पाजतातच. फक्त मीठ किती, ते धम्मदीपने सांगितलं नाही आणि प्रेमानंदने विचारलं नाही. घरी जाताना तो किराण्याच्या दुकानातून खड्या मिठाचं पोतं घेऊन आला.

मनीषनगरातल्या त्या तीनमजली इमारतीचा अर्थिंगचा खड्डा नेमका तळमजल्यावरच्या वामनरावांच्या खिडकीखाली होता. वामनराव इमारतीचे सेक्रेटरी. खड्ड्याच्या काठावर त्यांनी मोगरा लावला होता आणि नळाला दिवसाआड पाणी येत असतानाही त्याला पोरासारखं वाढवलं होतं. प्रेमानंदने पोतं रिकामं केलं, वर टाकीतल्या पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि धावत वर जाऊन हेडफोन लावला.

घूं होती. उलट त्याला वाटलं, ताजीतवानी झाली आहे.

तीन दिवसांत मोगऱ्याची पानं तपकिरी झाली. वामनराव खिडकीतून त्याच्याकडे पाहत उभे असताना प्रेमानंद खाली उतरला, कारण धम्मदीपने आता शेजाऱ्यांच्या कूलरवर बोट ठेवलं होतं.

"वामनराव, एक काम होतं. दहा मिनिटं कूलर बंद करता का तुमचा?"

"काहून?"

"बाबाचा आवाज आयकाचा आहे."

वामनरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. देवाजींच्या अंत्ययात्रेला ते स्वतः गेले होते. माणूस उन्हाने भ्रमिष्ट होतो हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. "करतो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही पहिले पन्हं घ्या थोडं."

कूलर बंद झाला. घूं गेली नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शोभाताईंचा कूलर बंद झाला. त्यांनी प्रेमानंदला सरबत दिलं आणि तो गेल्यावर मायाला फोन करून डॉक्टरचं नाव सुचवलं. घूं तरीही होती.

"सगळे एकदम बंद झाले तं कळन," प्रेमानंद रात्री जेवताना म्हणाला.

"तुम्ही बह्याड झाले," माया म्हणाली आणि आपलं ताट घेऊन आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

प्रेमानंद खरोखर खचला होता. वडिलांसाठी करायचं एकच काम उरलं होतं आणि तेही आपल्याकडून होत नाही, असं त्याला वाटू लागलं. डब्याकडे पाहिलं की फ्रिज आठवे, फ्रिज आठवला की माया आठवे, खिडकीत गेलं की मोगरा दिसे. घरात डोळे टेकवायला जागा राहिली नव्हती.

शनिवारी दुपारी त्याने अखेरचा उपाय केला. धम्मदीपच्या मते मीटरच्या बोर्डापाशी अर्थिंगची तार ढिली असणार. प्रेमानंद पक्कड घेऊन जिन्याखाली गेला. तार ढिली होतीच. त्याने ती आवळली, आवळताना तिचं टोक शेजारच्या चालू तारेला टेकलं, एक मोठा निळा लखलखाट झाला आणि पक्कड त्याच्या हातून उडून वामनरावांच्या दारावर आदळली. मग सगळ्या इमारतीतले कूलर एकामागून एक गरगरत, कण्हत थांबले.

वायरमन येऊन गेला. वरून केबल जळली आहे, संध्याकाळपर्यंत काही होत नाही, असं सांगून गेला. पारा सेहेचाळीसवर होता. अख्खी इमारत जिन्यात येऊन बसली. जो तो प्रेमानंदकडे पाहत होता. तो एकेकाच्या पायाशेजारून वाट काढत वर आला आणि दार लावून त्याला टेकून उभा राहिला. मेल्याहून मेल्यासारखं होणं कशाला म्हणतात ते त्याला आज कळलं.

आणि त्याच क्षणी, लाज वाटत असतानाच, त्याच्या मनात आलं की आज इमारतीत एकही मोटर चालू नाही.

घरात जुना इन्व्हर्टर होता. त्यावर हॉलमधला पंखा चालू होता आणि पंख्याखाली माया आणि इंदूबाई बसल्या होत्या. प्रेमानंदने पंखाही बंद केला.

"आता मारूनच टाका आमाले," माया म्हणाली. त्या रात्रीच्या जेवणानंतरचं हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

त्याने कम्प्युटर आणि डबा इन्व्हर्टरला जोडला, हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

घूं.

त्याला रडू येत होतं, पण सगळं पाणी घामातच गेलं होतं. आता बिघडायचं काही उरलं नाही, असं म्हणत हताशपणे त्याने आवाजाचं बटन टोकापर्यंत फिरवलं आणि कॅसेट अगदी सुरुवातीपासून लावली. एरवी तो गाणं सुरू होण्याआधीची खुडबूड सोडून देई. जुन्या डब्यात तिथे काही ऐकूही येत नसे.

आता ऐकू आलं. खंजिरीच्या चकत्या वाजल्या. कोणी पेला खाली ठेवला. कोणी खोकललं. मग एक माणूस म्हणाला, "कूलर बंद करा न देवाजी. भरताना घूं येईन."

आणि दुसरा आवाज, खणखणीत, शेजारी बसून बोलल्यासारखा. "कूलर बंद नाही होनार. ज्याले चालत नाही त्यानं आपल्या घरी जाऊन गा."

तेच वाक्य प्रेमानंदने पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग त्याने हेडफोन काढून आईच्या डोक्यावर ठेवला.

इंदूबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"हा आपला कूलर होय," त्या म्हणाल्या. हेडफोनमुळे त्या जरा मोठ्याने बोलत होत्या. "तुह्या बाबानं बनवला होता. पत्रा घरी ठोकला, मोटर जुनी आनली. गल्लीत पयला कूलर आपला."

"आई, बाबा कोरसमंदी कोनते? जाडा आवाज का बारीक?"

"कोनताच नाही. त्यायले कुठं गाता येत होतं गा?"

"पार्टीत होते न पन."

"कूलर होता म्हून होते. उन्हाळ्यात पार्टी आपल्याच घरी बसे. त्यायले एकच गोष्ट सांगून ठेवली होती, गानं सुरू झालं की तोंड नाही उघडाचं."

प्रेमानंदने डब्याकडे पाहिलं. मग न आलेल्या फ्रिजच्या जागेकडे पाहिलं. डब्याने आपलं काम चोख केलं होतं, कोरसमधला एकेक माणूस वेगळा उभा केला होता, आणि त्यात त्याचा बाप नव्हता. बाप घूंमध्ये होता. तिला मारायला त्याने मिठाचं पोतं घातलं होतं.

दारावर थाप पडली. वामनराव उभे होते, घामाने निथळत. मागे शोभाताई.

"प्रेमानंद भौ, अख्ख्या बिल्डिंगीची लाइट गेली, अन् तुमच्या घरातून कूलरचा आवाज येऊन राहिला. लाइन कुठून घेतली?"

हेडफोनमधून खरंच आवाज सांडत होता. बटन अजून टोकालाच होतं. प्रेमानंदने आईच्या डोक्यावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं.

माया पदराने मान पुसत पुढे झाली. "तो डबा बंद करा पयले," ती म्हणाली. "निदान पंखा तं लावू."

इंदूबाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरला. त्यांनी भिंतीला पाठ टेकली होती आणि जुन्या सवयीने दोन्ही पाय समोर पसरले होते, जिथे काहीच नव्हतं. "बंद नाही होनार," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "ज्याले चालत नाही त्यानं आपल्या घरी जा."

थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. प्रेमानंद कालचा पेपर घडी करून त्यांना वारा घालत बसला, आणि वामनराव दारातूनच म्हणाले, "जरा इकडंही येऊ द्या."